जुना ग्राइंडर भंगारात घालण्याआधी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी एस्प्रेसो करू पाहणाऱ्यांसाठी आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. कॉफीच्या यंत्राआधी बिया दळणाऱ्या चांगल्या ग्राइंडरवर पैसे घालावेत हा त्यातला सल्ला अगदी योग्य आहे आणि तो इतक्या स्पष्टपणे छापून आल्याचा मला आनंद झाला. मात्र त्याच लेखात, वापरलेला ग्राइंडर कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, नवा आणि हमीपत्रासह घ्यावा, असे एका वाक्यात सांगून पुढचा विषय सुरू केला आहे. मी निवृत्त होईपर्यंत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विजेच्या मोटारींची देखभाल आणि दुरुस्ती शिकवत होते, आणि आता पुण्यातल्या ओळखीच्या कॅफेंचे व घरी कॉफी करणाऱ्या हौशी मंडळींचे ग्राइंडर दुरुस्त करून देते. या कामात जे पाहिले त्यावरून असा सल्ला सरसकट देणे मला पटत नाही. ग्राइंडरचे सुटे भाग मिळतात का आणि तो साध्या हत्यारांनी उघडतो का, हे त्याचे वय विचारण्याआधी पाहायला हवे. ही दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर पंधरा वर्षे वापरलेला ग्राइंडरही घेण्याजोगा असतो, आणि नकारार्थी असतील तर कालच खोक्यातून काढलेलाही माझ्या मते महागच पडतो.

एस्प्रेसोला ग्राइंडरचे एवढे महत्त्व का, हे ज्यांनी ती घरी केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधारण 18 ग्रॅम पूड दाबून बसवतात, तिच्यातून सुमारे 9 बार दाबाने गरम पाणी जाते आणि 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी कपात उतरते. एवढ्या दाबाखालचे पाणी जिथे वाट सोपी तिथूनच पळते, त्यामुळे पूड कुठे जाड आणि कुठे अगदी बारीक असली तर एकाच कपात आंबट आणि कडू अशा दोन्ही चवी येतात. घरच्या मिक्सरचे पाते बिया तोडते, एकसारख्या दळत नाही, म्हणून ते इथे कामाचे नाही. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी स्वतःच्या वजनाने झिरपते, त्यामुळे तिथे दळणातला असमानपणा बराचसा खपून जातो आणि माटुंग्याच्या किंवा आपल्या पेठांतल्या दुकानातून दळून आणलेली पूड काही दिवस सुखाने वापरता येते. लग्नाच्या जेवणानंतर वाफेच्या यंत्रातून फेसाळून मिळणारी, आपण सगळे एस्प्रेसो म्हणून पीत आलो ती कॉफी बहुधा इन्स्टंट पुडीची असते, तिचा आणि ग्राइंडरचा संबंधच येत नाही. खऱ्या एस्प्रेसोची पूड मात्र दळली की लगेच वापरावी लागते, आणि भाजलेल्या बिया जसजशा जुन्या होतात तसतसे दळण दर थोड्या दिवसांनी केसभर बदलावे लागते. केसभर हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. कॅफेतल्या ग्राइंडरवरची दळण जाड-बारीक करण्याची कडी काही मिलिमीटर फिरवली तरी कॉफी उतरण्याचा वेळ कित्येक सेकंदांनी कमीजास्त होतो.

हे काम करणाऱ्या यंत्राची रचना पाहिली तर ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. कॅफेवाले ज्यांना बर्स म्हणतात अशा पोलादाच्या दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. खालची मोटारीच्या शाफ्टवर बसून फिरते, वरची आटे पाडलेल्या कडीत स्थिर असते, आणि ती कडी फिरवून दोघींमधले अंतर कमीजास्त करतात. बहुतेक व्यावसायिक यंत्रांत प्रत्येक चकती मोजक्या स्क्रूंनी बसवलेली असते. याखेरीज एक मोटार, तिचा कंडेन्सर, दोन बेअरिंगे, एक स्विच आणि वायर, एवढाच कारभार. यांतल्या चकत्या झिजतात, बेअरिंगे वाजू लागतात, कंडेन्सर मरतो, स्विच जळतो. आणि हे सगळेच भाग बदलता येतात. ओतीव धातूचे अंग, शाफ्ट आणि मोटारीतले न जळलेले वाइंडिंग, म्हणजे तारांचे वेढे, यांना दहा-पंधरा वर्षांनीही सहसा काही होत नाही. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की आपल्याकडे टाकी लावणाऱ्याला हाक मारत, जाते कोणी उकिरड्यावर टाकत नसे. इथे टाकी लावण्याऐवजी चकत्या बदलायच्या, एवढाच फरक आहे.

उदाहरण म्हणून मॅझर कंपनीचा सुपर जॉली घेऊ. व्हेनिसजवळच्या स्कोर्झे भागातली ही इटालियन कंपनी 1948 पासूनची आहे आणि हा ग्राइंडर जगभरच्या कॅफेंमध्ये कित्येक दशके चालत आला आहे. त्याच्या चकत्या 64 मिलिमीटर व्यासाच्या, मोटार साडेतीनशे वॅटची, वजन चौदा किलोच्या आसपास. त्याचे सुटे भाग आजही मिळतात, कोणता भाग कुठे बसतो याची आकृती मिळते, आणि 64 मिलिमीटर हा आकार इतका रुळला आहे की मूळ कंपनीखेरीज इतरांनी बनवलेल्या चकत्याही त्यात बसतात. हल्ली घरगुती ग्राहकांत गाजणाऱ्या काही नव्या चिनी ग्राइंडरांनीही हाच आकार उचलला आहे. एखाद्या यंत्राचा आकार असा सर्वांचा होऊन जातो, तेव्हा त्याचा जुना नग घेणाऱ्याची काळजी निम्मी कमी होते.

आता झिजण्याचा हिशेब पाहू, कारण जुन्या ग्राइंडरबद्दलची मुख्य भीती तीच असते. या आकाराच्या पोलादी चकत्या काही शे किलो बिया दळल्यावर बदलाव्यात असे मानले जाते. आपण चारशे किलो धरू. रोज पाच किलो बिया दळणाऱ्या कॅफेत एवढे दळण 80 दिवसांत होते, म्हणजे तिथे वर्षातून चार-पाच वेळा चकत्या बदलायला हव्यात, आणि त्या वेळेवर बदलल्या जात नाहीत हा माझा नेहमीचा अनुभव आहे. घरात मात्र रोज तीन कप म्हणजे 54 ग्रॅम, वर्षाचे सुमारे वीस किलो. त्याच चकत्या घरी वीस वर्षे पुरतील. त्यामुळे कॅफेतून निघालेल्या ग्राइंडरच्या चकत्या झिजलेल्याच असणार असे गृहीत धरावे, नव्या चकत्यांची किंमत सुरुवातीलाच सौद्यात मिळवावी, आणि मग तो स्वस्त आहे की नाही ते ठरवावे. चकती झिजली आहे का हे पाहायला नखाची धार पुरते. दातांच्या कडेवरून नख आडवे फिरवले तर ते अडायला हवे. सरळ घसरत गेले आणि कड उजेडात चकाकली तर चकती संपली. दातांना टवके गेलेले असतील तर बियांबरोबर खडा दळला गेला आहे. अंगणात वाळवलेल्या कॉफीत असे बारीक खडे सापडतात, ज्यांनी तांदूळ निवडले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात एका तरुण दांपत्याने बंद पडलेल्या कॅफेच्या सामानातून घेतलेला असाच एक इटालियन ग्राइंडर माझ्याकडे आणला. विकणाऱ्याने मोटार जळाली आहे असे सांगून तो जवळपास भंगाराच्या भावात दिला होता. स्विच लावला की मोटार घुंऽऽ असा आवाज करी आणि शाफ्ट मात्र जागचा हलत नसे. प्लग काढून चकती हाताने फिरवून पाहिली तर ती विनासायास फिरली. जळक्या व्हार्निशचा वास नव्हता, इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला तर तेही ठीक होते. ज्याने घरचा पंखा असा गुणगुणताना पाहिला आहे त्याला पुढचे निदान करता येईल: कंडेन्सर गेला होता. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर इथे चालत नाही. जुन्यावर जेवढा आकडा छापला आहे तेवढाच आणि तेवढ्याच किंवा त्याहून अधिक व्होल्टेजचा घ्यावा लागतो, आणि हात लावण्याआधी जुन्यातली साठलेली वीज उतरवावी लागते. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत तो पहिल्याच दुकानात मिळाला. मोटार जळाली म्हणून विकलेल्या त्या यंत्राची मोटार पूर्णपणे शाबूत होती.

खरे कष्ट पुढे होते. वरच्या चकतीची कडी पितळेची, तिचे आटे बारीक, आणि त्या आट्यांत कित्येक वर्षांची पूड तेलासह बसून चिकटा झालेला होता. कॉफीच्या बियांत तेल असते आणि ते जुने झाले की खोबऱ्यासारखे खवट होते. वरचा बिया भरण्याचा हॉपर काढला तेव्हा त्या वासाने खोली भरली. कडी फिरेना. अशा वेळी मोठा पाना लावून झटका देण्याचा मोह होतो, पण पितळेचे आटे एकदा मोडले तर ते अंगच निकामी होते. केस वाळवण्याच्या यंत्राने कडी गरम केली, थोडी पुढे, थोडी मागे अशी हलवत राहिले आणि ती अखेर सुटली. मग आट्यांच्या प्रत्येक खाचेतून लाकडी काडीने आणि नायलॉनच्या ब्रशने तो काळा गर काढला. कडी परत बसवताना ती आधी उलट दिशेने फिरवायची, आटा जिथून सुरू होतो तिथे टक् असे जाणवते, आणि तिथून सुलट फिरवत न्यायची. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रत्येक बारीक आट्यासाठी शिकवले आहे. आट्यांना लावायचे ग्रीस अन्नाशी संपर्क चालेल असेच हवे, मोटारसायकलच्या साखळीचे नव्हे.

बेअरिंगही वाजत होते. पुलरने, म्हणजे बेअरिंग ओढून काढायच्या हत्याराने, काढून पुसल्यावर त्यावर 6202 हा आकडा वाचता आला. असा आकडा असला की यंत्र कोणत्या देशाचे याला महत्त्व उरत नाही, कारण 6202 म्हणजे आतला व्यास 15 मिलिमीटर, बाहेरचा 35 आणि जाडी 11, हे माप सगळीकडे एकच आहे आणि बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात ते उभ्या उभ्या मिळते. शेवटी नव्या चकत्या बसवल्या आणि त्या एकमेकींना समांतर आहेत का ते तपासले. त्यासाठी फळ्यावरच्या पुसता येणाऱ्या मार्करने चकतीची बाहेरची कड रंगवायची, प्लग काढलेलाच ठेवून कडी घट्ट करत न्यायची आणि चकती हाताने फिरवायची. दोन्ही जिथे पहिल्यांदा टेकतात तिथला रंग पुसला जातो. त्या यंत्रात रंग एकाच बाजूने पुसला गेला, म्हणजे चकती एका अंगाला कललेली होती. उलट्या बाजूला चकतीखाली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बारीक तुकडा ठेवला, ज्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा फार जास्त नसते, आणि रंग चहूबाजूंनी एकसारखा पुसला जाईपर्यंत तुकडे जुळवले. नव्याने आलेल्या महागड्या ग्राइंडरांतही हे जुळवणे मला कधीकधी करावे लागले आहे. एकंदर खर्चातला सर्वांत मोठा वाटा चकत्यांचा होता, बाकीचे भाग किरकोळीत आले, आणि खरेदी धरून सगळा खर्च त्या ताकदीच्या नव्या ग्राइंडरच्या निम्म्यापेक्षाही कमी झाला. माझी मजुरी त्यात धरलेली नाही. ज्यांना हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे आहे त्यांनी ती धरली पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा ठरेल.

जुना ग्राइंडर पाहायला जाल तेव्हा सर्वांत आधी त्याची नेमप्लेट वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हॉटेलांतून निघालेली काही यंत्रे थ्री-फेजची असतात. बाहेरून ती अगदी सारखी दिसतात, पण घराच्या सिंगल-फेज जोडणीवर ती सरळ चालत नाहीत. व्हीएफडी, म्हणजे सिंगल-फेजवर थ्री-फेज मोटार चालवणारे उपकरण, बसवून चालवता येतात, पण तो खर्च आणि खटाटोप घरासाठी करू नये.

दुसरा घोटाळा अमेरिकेहून येणाऱ्या यंत्रांचा. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले तिकडे आहेत, आणि तिथे वापरलेले ग्राइंडर स्वस्त मिळतात म्हणून सुट्टीवर येताना सामानात घालून आणतात. तिथली वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची, आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावला की झाले, असे समजतात. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. जड ग्राइंडरांत बहुधा इंडक्शन मोटार असते आणि तिचा वेग या हर्ट्झवरच ठरतो. चार ध्रुवांची मोटार 60 हर्ट्झवर मिनिटाला 1800 फेऱ्यांच्या हिशेबाने बनवलेली असते, ती इथे 1500 च्या हिशेबाने चालते, म्हणजे एक षष्ठांशाने मंदावते. मंदावणे एक वेळ चालून जाईल. परंतु तेवढेच व्होल्ट कमी हर्ट्झवर दिल्याने गाभ्यातले चुंबकत्व वाढते, मोटार जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि तापते. कपाला काही सेकंद चालणाऱ्या घरगुती यंत्राला हे सोसते, एकामागून एक कप काढले तर सोसेल याची खात्री देता येत नाही. डीसी मोटारीच्या लहान ग्राइंडरांना हर्ट्झचा त्रास नाही, त्यांना पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर मात्र लागतोच. मला विचाराल तर, इथेच 230 व्होल्टचा जुना मिळत असेल तर तिकडून आणण्याचा उपद्व्याप करू नये.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि तिथे काटकसर नको. या यंत्रांचे अंग धातूचे असते, म्हणून तीन पिनांचा प्लग आणि घरातले अर्थिंग दोन्ही चालू स्थितीत हवे. जुनी वायर कडक झाली असेल, तिला चिकटपट्टी गुंडाळलेली असेल, तर ती पहिल्याच दिवशी बदलावी. उघडण्याआधी स्विच बंद करणे पुरेसे नाही, प्लग हातात काढून घ्यावा. जळके वाइंडिंग असेल तर रिवाइंडिंग करून घेता येते, पण अनेक ग्राइंडरांत ते यंत्राच्या अंगातच घट्ट बसवलेले असते आणि कारागीर ते हातात घ्यायला नाखूश असतात. तेव्हा जळका वास आला तर मोह आवरावा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात राहणाऱ्यांनी गंजाकडेही पाहावे. पावसाळाभर न वापरता ठेवलेल्या पोलादी चकत्यांवर तांबूस थर चढतो. वरवरचा असला तर निघतो, दातांच्या कडा खाल्लेल्या असतील तर चकत्या बदलण्याला पर्याय नाही.

आपल्या लेखाच्या बाजूनेही पुष्कळ सांगण्यासारखे आहे, आणि ते मी आनंदाने सांगते. कॅफेसाठी बनवलेला ग्राइंडर घराला बेढब होतो. हॉपरसह तो ओट्यावरच्या कपाटाखाली मावत नाही. दिवसभर दळण चालू राहील या हिशेबाने तो बनवलेला असल्यामुळे त्याच्या मार्गात काही ग्रॅम पूड अडकून राहते, सकाळच्या पहिल्या कपात कालची शिळी पूड येते, आणि ती टाकून द्यायची तर महागाच्या बिया रोज वाया जातात. इटलीतल्याच युरेका कंपनीचे मिग्नॉन मालिकेतले 50 आणि 55 मिलिमीटर चकत्यांचे ग्राइंडर घराच्या मापाचे आहेत, आवाजानेही सुसह्य आहेत, आणि ज्यांच्या घरात हत्यारांची पेटी नाही व ती आणायची इच्छाही नाही त्यांनी असा नवा ग्राइंडर घ्यावा. दिवसाला एकच कप पिणाऱ्याने तर विजेचा घेऊच नये. एस्प्रेसोपर्यंत बारीक दळणारे चांगले हातग्राइंडर आता भारतात मिळतात, त्यांना ना मोटार ना कंडेन्सर, आणि त्या किमतीत विजेचा एकही नवा ग्राइंडर मला तेवढे चांगले दळताना दिसलेला नाही.

जुन्यातही काय घेऊ नये हे तितकेच ठामपणे सांगायला हवे. निर्मात्याचा पत्ता नाही, अंग प्लास्टिकचे, खाली एकही स्क्रू दिसत नाही, आत प्लास्टिकची दातेरी चाके आणि नावापुरत्या चकत्या, असा घरगुती ग्राइंडर कोणी मोबाइलवरून निम्म्या किमतीत देत असेल तर तो निम्म्या किमतीतही नको. कॉफीच्या यंत्रातच बसवलेला ग्राइंडर असेल तर अधिक सावध राहावे, कारण एक दुरुस्तीला न्यायचा तर दोन्ही न्यावे लागतात.

नव्या यंत्रांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. एका परिचितांच्या कॅफेत वेळ मोजून दळणारा, पडद्याला बोट लावून चालवायचा नवा ग्राइंडर होता. हमीची मुदत संपून फार दिवस झाले नव्हते आणि त्याचे कंट्रोल बोर्ड गेले. मोटार उत्तम, चकत्या उत्तम. विक्रेत्याने बोर्ड सुटे मिळणार नाही, नवीन यंत्रावर सवलत देऊ, असे सांगितले. आम्ही ते बोर्ड बाजूला ठेवून साध्या रिले-टायमरवर तो चालता केला आणि तो अजून चालतो आहे, पण प्रत्येक कॅफेला हे करून देणारे कोणी भेटेलच असे नाही. ज्या यंत्रात बिघडणारा भाग सर्वांत स्वस्त असतो आणि तोच विकत मिळत नाही, त्या यंत्राचे हमीपत्र मला फारसा दिलासा देत नाही.

सगळे उत्पादक असे वागत नाहीत, हेही नोंदवायला हवे. 1999 साली सुरू झालेल्या बराट्झा या अमेरिकन कंपनीने ग्राहकाने स्वतः दुरुस्ती करावी हेच धोरण ठेवले, लहानसहान भागही सुटे विकले आणि ते कसे बदलायचे हे समजावून दिले. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रेव्हिल कंपनीने ती विकत घेतली. तिचे घरगुती ग्राइंडर मॅझरच्या तुलनेत हलके आहेत, त्यात प्लास्टिक आहे, आणि तरीही ते जुने घ्यायला मी कचरत नाही, कारण आतले दातेरी चाक तुटले तर तेवढे चाक मिळते. प्लास्टिक असणे हा आपोआप दोष ठरत नाही, हे मला या यंत्रांनी पटवून दिले.

आपल्याकडे दुरुस्ती करणाऱ्या हातांची वाण नाही. पंप, मिक्सर आणि पंखे रिवाइंड करणारी दुकाने कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, कुठेही गेलात तरी बाजारपेठेत सापडतील. ग्राइंडरची मोटार त्यांना नवी नाही. त्यांनी याआधी ती पाहिलेली नाही एवढेच. चकत्या जुळवणे आणि दळण साधणे मात्र मालकालाच करावे लागेल, कारण त्याची परीक्षा कपातच होते. या कारागिरांच्या हातात आकृती आणि सुटा भाग दिला तर ते काम करतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे ठरवली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू झाले, आणि 2025 मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक क्षेत्रासाठी दुरुस्ती-निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्त करणे किती सोपे हे सांगणाऱ्या मापाचा, अहवालही सादर झाला. युरोपीय संघाच्या 2024 च्या दुरुस्तीविषयक निर्देशात धुलाईयंत्रे, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर आहेत, कॉफीचा ग्राइंडर तिथेही नाही. ओट्यावरची लहान यंत्रे या चर्चेत नेहमी मागे राहतात. वास्तविक मिक्सर, ग्राइंडर, कॉफीची यंत्रे हीच घराघरांत सर्वांत आधी बंद पडतात आणि सर्वांत आधी भंगारवाल्याच्या गाडीवर चढतात. त्यांच्या निर्मात्यांनी आणि आयात करणाऱ्यांनी विक्री थांबल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग व आकृती देणे बंधनकारक असावे, यासाठी वृत्तपत्रांनी पाठपुरावा करावा असे मला मनापासून वाटते.

तूर्त आपल्या हातात असलेली एक गोष्ट मागते. पुरवणीत यापुढे ग्राइंडरांची तुलना छापाल तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने द्यावेत: चकत्यांचा व्यास, मोटारीचा प्रकार, आणि सुट्या चकत्या व कंट्रोल बोर्ड भारतात कोण विकतो व किती रुपयांना. शेवटचा रकाना भरण्यासाठी आपल्या प्रतिनिधीने विक्रेत्यांना ग्राहक म्हणून दूरध्वनी करावा. जिथे उत्तर मिळणार नाही तिथे तो रकाना रिकामाच छापावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे